चंपाक्काच्या सोप्यातली माशी

सरकारी नोकर कचेरीत बसून माश्या मारतात, असं म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. माझ्या बाबतीत ते अर्धंच खरं होतं. मी शेतकी खात्यात किडी ओळखायच्या कामावर होतो, बेळगावच्या कचेरीत बसत होतो आणि माश्या मारतही होतो. पण त्याआधी मी त्या पाळत होतो. त्यांना खायला घालत होतो, त्यांची बाळंतपणं करत होतो आणि मगच टाचणीला टोचून पेटीत लावत होतो. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं, "मुलगा करतो काय?" मामांनी सांगितलं, "किडे बघतो." सासरे बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "पेन्शन आहे ना?" आणि लग्न ठरलं.

लोकांना वाटायचं, किडा दाखवला की मी फटकन नाव सांगावं. हिंडलग्याच्या एका पेन्शनर सुभेदारांनी पितळी डब्यात घालून, डब्याला दोरी गुंडाळून, एक भयंकर विषारी किडा आणला होता. डबा उघडला तर आत त्यांच्याच कोटाचं बटण निघालं. किडा वाटेत कुठं उतरला कोण जाणे. सांबऱ्याच्या एका शेतकऱ्यानं किडा पाकिटात घालून पोस्टानं पाठवला, तर पोस्टाचा शिक्का नेमका किड्याच्या पोटावर बसलेला. मी उत्तर लिहिलं, "कीड मेली आहे, काळजी नसावी." गृहस्थ मला पुढं कित्येक वर्षं बाजारात नमस्कार घालायचा.

खरी अडचण अशी असते की पान खाल्लेलं दिसतं, खाणारा दिसत नाही. दिसलाच तर अळीच्या रूपात दिसतो. अळीवरून माशी ओळखायची म्हणजे पाळण्यातल्या पोराकडं बघून ते तलाठी होणार की तबलजी हे सांगण्यासारखं आहे. म्हणून ते पोर आपल्याकडं ठेवून घ्यायचं आणि मोठं होऊ द्यायचं. पान काचेत घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि वाट बघायची. आमची विद्या म्हणाल तर एवढीच. एका हंगामात मात्र या एवढ्याशा विद्येवर एका बाईचं रान अवलंबून होतं, आणि त्या हंगामात मी जितका हसलो तितका पुऱ्या नोकरीत हसलो नाही.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. निपाणीहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरनं कचेरीत निरोप आणला. संकेश्वरच्या पलीकडं आत एक खेडं आहे, तिथल्या वाटाण्याच्या पानांवर कुणीतरी लिहून ठेवलंय, ते वाचायला सरकारनं माणूस पाठवावा. कचेरीत सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंग, चिमटे आणि डबा घेऊन निघालो.

निपाणी भाग म्हणजे तंबाखू. रानात तंबाखू, वखारीत तंबाखू, वाऱ्यालाही तंबाखूचा वास. त्या सगळ्या काळपट हिरव्या पसाऱ्यात एकच पट्टी पोपटी, कोवळी, पांढऱ्या फुलांची दिसली. तो वाटाणा. बांधावर अर्धं गाव जमलेलं. गावचे कुलकर्णी चष्मा लावून एक पान उन्हात धरून उभे होते. पानावर बारीक पांढऱ्या वळवळत्या रेघा होत्या, आणि कुलकर्ण्यांच्या मते ती जुन्या वळणाची मोडी होती. "'सबब' एवढं लागतंय," ते मला म्हणाले, "पुढचं अक्षर काही लागेना."

रान चंपाक्काचं. जैनाची बाई, चाळिशीच्या पुढची, पांढरं लुगडं, बोलणं कमी आणि सरळ. तिचा नवरा वारल्यावर तिनं बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, देवासमोर नेम घेतला होता, की आपल्या वाट्याच्या मातीत तंबाखू लावायची नाही. कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, "आमच्या ह्यांचा खोकला मी ऐकलाय." पण घर एकत्र होतं आणि कारभार धाकट्या दिराकडं, नेमाण्णाकडं. नेमाण्णा माणूस वाईट नव्हता. गडगडाटी हसणारा, गावभर चेष्टा करत फिरणारा, पण तंबाखूवर त्याची श्रद्धा देवाखालोखाल होती. त्यानं बस्तीच्या अंगणात चार माणसांदेखत वहिनीला सांगितलं होतं, "एक हंगाम करा तुमचा वाटाणा. शेंगा हाताला लागल्या तर ती पट्टी जलमभर तुमची, मी त्यात पाय घालनार न्हाय. पर वाटाणा बसला, तर म्होरल्या साली तंबाखू. मंग नेमबिम काडायचा न्हाय." चंपाक्का हो म्हणाली होती. आता फुलं लागली आणि पानं पांढरी पडायला लागली होती.

मी एक पान तोडून सूर्याकडं धरलं आणि तिला जवळ बोलावलं. रेघेच्या टोकाला, पानाच्या आत, एक पिवळट ठिपका हलत होता.

"आत कोन हाय वो ते?"

"अळी आहे, आक्का. पानाला वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा. ही मधे राहते. मधला गर खात पुढं सरकते, मागं पांढरी वाट राहते."

"म्हंजी ऱ्हाती तेच घर खाती?"

"आमच्या पाव्हन्यावानी!" मागून नेमाण्णा म्हणाला आणि बांध हसला. कुलकर्ण्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

चंपाक्का मात्र हसली नाही. तिनं त्या ठिपक्याकडं पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "जीव हाय की वो आत, मास्तर." तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला कळलं की आपण आता चांगलेच अडकलो.

कारण माझ्या साहेबांचा हुकूम माझ्या खिशात होता. पानात वाट करणाऱ्या दोन माश्यांचा मला संशय होता. एक पानमाशी. ही पानातच जन्मते, पानातच कोष करते, पानं विद्रूप करते, पण झाड तग धरतं आणि शेंगा येतात. दुसरी खोडमाशी. हिची अळी पानातून देठात आणि देठातून खोडात उतरते, आणि झाड उभ्या उभ्या मान टाकतं. खोडमाशी असेल तर सगळं रान उपटून जाळा, शेजारी पसरू देऊ नका, असा साहेबांचा हुकूम. मी दोनचार खोडं चिरून बघितली. स्वच्छ होती. पण अळी अजून खोडापर्यंत पोचली नाही, असाही त्याचा अर्थ होऊ शकत होता. माशी डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही बोलता येत नव्हतं.

"आणि पानमाशी असली तर औषध काय?" नेमाण्णानं विचारलं.

मी घसा साफ केला. त्या काळी औषध एकच होतं आणि ते पुस्तकात छापलेलं होतं. "तंबाखूचा काढा. साबण घालून शिंपडायचा."

 नेमाण्णा जो हसत सुटला, तो बांधावर बसला, आडवा झाला, त्याचा फेटा सुटला, तरी हसतच होता. "वैनी, ऐकलं न्हवं? तुमच्या वाटान्यालाबी तंबाखूच पायजे! सरकार सांगतंय!" गाव त्याच्याबरोबर हसलं. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. चंपाक्का शांतपणे म्हणाली, "काड्याच्या रूपानंबी ती माझ्या रानात येनार न्हाय. आन जीव मारायचा नेम तर मी जलमतानाच घ्यून आल्ये." एवढं बोलून ती घराकडं चालू लागली, आणि मी तिच्या मागोमाग गेलो, कारण माझा मुक्काम तिच्याच सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत होता.

रॉकेल मिळत नव्हतं त्या दिवसांत. घरोघरी कंदील खुंटीला नुसते लटकत होते. मी गावातल्या कंदिलांच्या रिकाम्या काचा गोळा केल्या, एकेका काचेत रेघाळलेली पानं घातली, दोन्ही तोंडांना फडकी बांधली आणि सोप्यात फळीवर ओळीनं मांडून ठेवल्या. गावात बातमी पसरली की मास्तर माश्यांची बाळंतपणं करतोय. बाया येता जाता डोकावून विचारायच्या, "झाली का वो मोकळी?"

इकडं काचा भरत होत्या आणि तिकडं रानातल्या रेघा वाढतच चालल्या होत्या, त्याचं कोडं मला सुटेना. चंपाक्का आणि तिच्या सोबतिणी रोज सकाळी खराब पानं नाजूक हातानं खुडत होत्या. मी खूश होतो. खुडणं हा उत्तम उपाय. मग कीड वाढते कशी? एकदा मी दुपारी रानात गेलो तर पट्टीच्या मधोमध, करंजाच्या डहाळ्यांची सावली करून, एक मोठी बुट्टी ठेवलेली. आत खुडलेली सगळी पानं. आणि बुट्टीवर बारीक माश्यांचा नुसता फेर चाललेला. बुट्टीतून उठायच्या, शेजारच्या ताज्या वाटाण्यावर बसायच्या आणि शेपटाकडच्या टोकानं पानांना टोचे मारायच्या.

"आक्का, हे काय?"

"पानी गाळल्यावर गाळनं त्याच हिरीत निथळतो न्हवं आमी," ती मला समजावून सांगायच्या सुरात म्हणाली. "ज्या पान्यातला जीव त्याच पान्यात सोडायचा, दुसऱ्या पान्यात जगत न्हाय त्यो. तसंच हे. ज्या रानातली, त्याच रानात मोट्या हुंद्यात. तवर पान वाळू नये म्हून सावली केल्या."

मी बांधावर बसलो. जैनांच्या घरी पाणी गाळल्यावर गाळण्यावर राहिलेले जीव परत त्याच विहिरीत सोडतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. पण त्याच नेमानं एक बाई आपल्या पिकाच्या वैऱ्यासाठी पिकाच्या मधोमध पांजरपोळ उघडेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला हसू आवरेना. ती रागावेल असं वाटलं, पण मी ताज्या पानांवरचे टोचे भिंगातून दाखवले तेव्हा तिनं कपाळावर हात मारला आणि तीही हसायला लागली. लुगड्याचा पदर तोंडात घालून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ती हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

बुट्टीवरची एक माशी मी चिमट्यात धरायला गेलो तर भुर्र उडाली. पकडून मारायचं नाही असं चंपाक्कानं मला बजावलेलं. म्हणजे आता सगळी मदार काचांवर होती, आणि तेवढ्यात साहेबांचा निरोप आला की ते स्वतः येत आहेत.

साहेब धारवाडकडचे. स्थूल, शिस्तीचे, मराठी तोलून मापून बोलणारे. डोक्यावर टोपी, हातात छडी. ते आले त्या सकाळी काचांमधून खरोखरच बाळंतपणं झाली होती. पण बाहेर पडल्या होत्या त्या माश्या नव्हत्याच. चिलटाहून बारीक, हिरव्या चकाकणाऱ्या, मोराच्या मानेसारख्या किडी काचेवर चढत होत्या. साहेबांनी भिंग लावलं आणि समाधानानं मान हलवली. "ही तर वेगळीच कीड दिसते. अज्ञात कीड! मग धोका नको. रान उपटा."

नेमाण्णा दारात उभा होता. त्याच्या तोंडावर आनंद यायला हवा होता. पण का कुणास ठाऊक, तो आला नाही. चंपाक्का आतल्या दाराच्या चौकटीला हात धरून उभी होती.

"साहेब, पंख मोजावेत," मी म्हणालो.

"चार आहेत."

"माशीला दोनच असतात. ही खाणारी नव्हे. ही खाणाऱ्याला खाणारी. हिची आई पानावरून शेपटाची सुई खुपसून आतल्या अळीवर अंडं घालते, आणि हिची अळी त्या अळीला खाऊन वाढते. पानात दोन जण राहत होते. त्यातला दुसरा बाहेर आलाय. पहिल्याची वाट बघू या."

साहेबांनी नियम काढला नाही की आवाज चढवला नाही. छडी भिंतीला टेकवली आणि खाली घोंगड्यावर बसले. पौषातली गार सकाळ होती. चहा आला, मग पोहे आले. साहेब काचेला नाक लावून बसले ते उठेनात. आणि मग एका पानाच्या मागच्या बाजूला, जिथं रेघ संपत होती तिथं, पापुद्र्यातून डोकं काढलेला एक तपकिरी कोष तडकला.

"इदेनु! हे काय!" साहेब आधी कानडीत, मग मराठीत ओरडले. "याच्या कपाळावर फुगा आहे!"

होता. कोष फोडायला माशीला दात नसतात. ती कपाळातून एक पांढरा फुगा बाहेर काढते, फुगवते, मिटवते, पुन्हा फुगवते आणि टोपण ढकलून बाहेर येते. मग तो फुगा आत ओढून घेते आणि काही झालंच नाही असं तोंड करून चालायला लागते. साहेबांनी टोपी काढली, घोंगड्यावर पालथे झाले आणि प्रत्येक फुग्याला "आता, आता!" म्हणू लागले. नेमाण्णा त्यांच्या शेजारी पालथा पडला. कुलकर्णी आले, त्यांनी चष्मा लावला आणि तेही पालथे झाले. भिंग या डोळ्याकडून त्या डोळ्याकडं फिरत होतं. मला माझ्याच काचेपर्यंत पोचता येईना.

"बाटली द्या," साहेब म्हणाले. म्हणजे मारायची बाटली. माशी मारून, टोचून, स्थिर करून बघायची हा आमचा रिवाज. मी पिशवीत हात घातला.

"ह्या उंबऱ्याच्या आत न्हाय," चंपाक्का चौकटीतून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण साहेबांनीसुद्धा हात मागं घेतला.

मग मी काच उचलून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवली. गारव्यानं माशी सुस्तावते. ती पंख पसरून गप बसली, आणि मी भिंगातून तिला जितकं नीट बघितलं तितकं एकाही मेलेल्या माशीला बघितलं नसेल. खोडमाशी काळीभोर आणि चकचकीत असते. ही करडी होती, अंगावर राख भुरभुरल्यासारखी. तोंड पिवळं. गुडघे पिवळे. पंख दोनच, स्वच्छ. आणि कोष खोडात नव्हे, पानात. मी साहेबांकडं वळलो.  "पानमाशी, साहेब. उपटायची गरज नाही. झाड शेंगा देईल."

साहेबांनी स्वतः बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाले, "पिवळे गुडघे. सुंदर आहे हो!" मग त्यांच्या लक्षात आलं की आपण साहेब आहोत, आणि त्यांनी टोपी घातली.

माश्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला. सोप्यात मोठी सभाच भरली. मी म्हटलं, खुडलेली पानं बुट्टीतच ठेवू, पण वरून असं फडकं बांधू की बारीक हिरवी बाहेर पडेल आणि जाड माशी आत राहील. धोतर बांधून बघितलं, दोघीही अडकल्या. मच्छरदाणीतून दोघीही पसार झाल्या. शेवटी चंपाक्काचं झिजून जाळी झालेलं जुनं गाळणं एकपदरी बांधलं, आणि हिरव्या एकेक करून बाहेर, माश्या आत. साहेबांनी टाळी वाजवली.

"पर ती हिरवी पोटातल्या पोटात खातीया त्याचं पाप कुनाला?" चंपाक्कानं विचारलं.

"ते सरकारी खात्यात घाला," साहेब गंभीरपणे म्हणाले.

"आन आत ऱ्हायल्या त्या? त्या कोंडून मरत्याल की."

यावर तोड काढली ती सगळ्यांनी मिळून. ओढ्यापलीकडं पडीक माळ होता, तिथं पाथरीचं रान माजलेलं. ही माशी पाथरीवरही आनंदानं जगते. म्हणून दर चार-दोन दिवसांनी माश्यांची बुट्टी बैलगाडीत घालून तिकडं सोडून यायची. आणि गाडी कुणाची? गाडी कारभाऱ्याची. नेमाण्णानं कुरकुर केली, पण साहेबांदेखत नाही म्हणवेना. फडकं बांधलेली बुट्टी मधोमध, हादरे बसू नयेत म्हणून खाली कडबा, आणि पुढं कासरा धरून निपाणी बाजारातला नामांकित तंबाखूवाला. वाटेत माणसं विचारायची, "कोन आजारी हाय, अण्णा? दवाखान्याला चाललायसा व्हय?" पहिल्या खेपेला त्यानं मान खाली घालून बैल दामटले. दुसऱ्या खेपेला त्यानंच आरोळी ठोकली, "माश्या सासरी घालवाय चाललोय रं! अक्षता टाका!" आणि लोकांनी खरोखरच टाकल्या.

हंगाम हसत निघून गेला. बेळगावला परतल्यावर मी पेटीत एक टाचणी लावली, तिच्याखाली गावाचं नाव लिहिलं, आणि टाचणीवर काहीच नव्हतं. टोचलेला नमुना नाही म्हणजे ओळख नाही, असं वरच्या कचेरीचं म्हणणं. त्यामुळं त्या वर्षीच्या सरकारी कागदांत निपाणी भागातल्या वाटाण्यावर कसलीच माशी नव्हती. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही थोडं वाटतं. आयुष्यात इतकी नितळ ओळख मी दुसरी केली नाही, आणि ती दाखवायला माझ्याजवळ काही नाही.

शेंगा काढायला मला बोलावणं आलं. पानं निम्मी पांढरी, नक्षी काढलेली, आणि त्यांच्या खाली टपोऱ्या शेंगांचे घोस. बाया पदराच्या ओट्यात शेंगा भरत होत्या. चंपाक्कानं एक शेंग उसवून माझ्या तळहातावर दाणे ओतले. गोड होते. तेवढ्यात नेमाण्णा शेजारच्या तंबाखूतून चालत आला. तो बोलत, हातवारे करत येत होता, आणि पट्टीच्या बांधावर येऊन एकदम थांबला. मला वाटलं आता काहीतरी चेष्टा करणार. त्यानं मागं वळून तोंडातली तंबाखू आपल्या रानात थुंकली. गाडग्यातलं पाणी घेऊन चूळ भरली, परत भरली. मग धोतराच्या सोग्याला हात पुसले, पायातलं पायताण काढून बांधावर ठेवलं आणि म्हणाला,

"वैनी, आत यिऊ का?"